हळदीची गोळी, ज्वारीची भाकरी आणि आतड्यातील पेशी

(तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी भरलेल्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



आजच्या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आहार आणि आतड्याचा कर्करोग’ असा विषय छापला आहे. आरंभीच एक खुलासा करतो. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात नोकरी करतो. शासनाची आणि शास्त्राची माहिती सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम. तथापि हे काम करीत असता एक छापील पत्रक माझ्या हाती आले आणि त्यातून हा विषय माझ्यामागे लागला.

ते पत्रक घेऊन आले होते एका गावचे माजी सरपंच. त्यांच्या परवानगीने, परंतु त्यांचे नाव न घेता, ही हकीकत सांगत आहे. हळदीतील व कांद्यातील द्रव्यांपासून बनविलेल्या गोळ्यांचे ते पत्रक होते. ‘आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचे संदेश रोखणारी निसर्गाची देणगी’ असा मथळा, आणि खाली बारीक अक्षरांत शास्त्रीय शब्दांची मोठी जंत्री. “साहेब, हे खरे आहे का? आपल्या मासिकात याची माहिती द्या. लोकांचे कल्याण होईल,” असे त्यांनी मला सुचविले. बोलता बोलता समजले की, तीन महिन्यांपासून ते स्वतःच त्या गोळ्या घेत होते. शौचावाटे रक्त पडत होते, वजन उतरले होते. मूळव्याध असेल असे समजून त्यांनी घरगुती उपाय केले आणि नंतर मनात शंका आली तेव्हा या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरांकडे मात्र ते एकदाही गेले नव्हते.

त्यांना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था केली आणि ते पत्रक मी ठेवून घेतले. त्यातील एकेक शब्दाचा अर्थ लावण्यासाठी मी जे वाचन केले व जाणकारांना जे विचारले, त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवीत आहे. माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एका वाक्यात सांगायची, तर त्या पत्रकातील बहुतेक विधाने सुटी सुटी खरी होती, आणि तरीही ते पत्रक एकूण खोटे होते. हे कसे घडते, ते समजून घेणे गावच्या कारभारी मंडळींना आणि शिक्षकांना अत्यंत आवश्यक आहे, असे मला वाटते.

आतड्यातील पाळीपत्रक

प्रथम आतड्याकडे वळू. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरात लक्षावधी सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी काही मूळ पेशी असून त्या सतत विभागून नव्या पेशी निर्माण करतात. या नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, आपले काम करतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. म्हणजे दर आठवड्याला आपल्या आतड्याचे अस्तर जवळजवळ नवे होत असते. अन्नाचे अवशेष, जंतू व पाचकरस यांचा मारा जिथे अहोरात्र चालू असतो, तिथे ही दुरुस्ती अपरिहार्य आहे.

तळाच्या पेशीने वाढावे आणि वर गेलेल्या पेशीने वाढ थांबवावी, हा हुकूम कोण देतो? शेजारच्या पेशींकडून येणारे रासायनिक संदेश. या संदेशांच्या एका महत्त्वाच्या मार्गाला शास्त्रज्ञ ‘विंट’ म्हणतात. या नावाच्या मागे आपल्या देशाचाही एक धागा आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांना फळमाशीत पंख नसलेली एक जात आढळली. त्यांनी १९७३ साली तिची नोंद केली आणि १९७६ साली व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या दोषाला ‘विंगलेस’, म्हणजे पंखहीन, असे नाव मिळाले. पुढे १९८२ साली रुल नुसे व हॅरॉल्ड व्हार्मस यांनी उंदराच्या स्तनातील कर्करोगात ‘इंट’ नावाचे एक जनुक शोधले. १९८७ साली असे दिसून आले की, माशीचे पंख घडविणारे जनुक आणि उंदराच्या गाठीतील जनुक एकाच कुळातले आहे. दोन्ही नावांची सांगड घालून ‘विंट’ हा शब्द तयार झाला. दिल्लीतील माशीच्या पंखांचा अभ्यास आतड्याच्या कर्करोगाच्या मुळाशी जाऊन पोहोचेल, असे त्या वेळी कोणाला वाटले असेल?

या मार्गाचे कार्य पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेतले म्हणजे सहज समजते. पाळीपत्रकाप्रमाणे ज्याची पाळी असेल त्याच्या शेताचे दार उघडते आणि पाळी संपली की पाटकरी ते बंद करतो. पेशीत ‘बीटा-कॅटेनिन’ नावाचे एक प्रथिन असते. ते या उदाहरणातील पाणी समजा. ते पेशीच्या केंद्रकात शिरले की वाढीची जनुके जागी होतात. बाहेरून विंटचा संदेश आलेला नसेल, तेव्हा ‘ए-पी-सी’ नावाचे दुसरे प्रथिन आपल्या सोबत्यांसह हे बीटा-कॅटेनिन पकडून नष्ट करवते. हा झाला पाटकरी. त्याचे जनुक बिघडले, म्हणजे दार उघडेच राहते. पाळी नसतानाही पाणी शेतात शिरत राहते आणि पेशी थांबण्याचे नाव घेत नाही. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत या ए-पी-सी जनुकात बिघाड आढळतो. प्रथम एक लहानसा मांसांकुर उगवतो. त्याला डॉक्टर ‘पॉलिप’ म्हणतात. पुढे आणखी काही जनुके एकामागून एक बिघडली, तर त्याचा कर्करोग होतो. अमेरिकेतील बर्ट व्होगेलस्टाइन व एरिक फिअरॉन यांनी १९९० साली ही पायरीपायरीची वाट प्रथम सुसंगतपणे मांडली. या वाटचालीला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण प्रतिबंधाची सारी संधी याच वर्षांत दडलेली आहे.

पत्रकात काय होते?

आता पत्रकाकडे येऊ. हळदीत तिच्या वजनाच्या साधारण तीन टक्के कर्क्युमिन असते. हळदीचा पिवळा रंग त्याचाच. १८१५ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले आणि १९१० साली त्याची रासायनिक रचना समजली. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर कर्क्युमिन टाकले, तर बीटा-कॅटेनिनचे कार्य मंदावते. दाह निर्माण करणारे ‘एन-एफ-कप्पा-बी’ नावाचे एक प्रथिन एरवी कुलुपात असते आणि दाहाचा संदेश येताच मोकळे होऊन केंद्रकात धावते. कर्क्युमिन त्याचे कुलूप उघडू देत नाही, असेही दिसले आहे. कांद्यातील क्वेर्सेटिनचे परिणाम पुष्कळसे याच प्रकारचे आहेत. कोबी, मुळा, मोहरी या कुळातील भाज्या चिरल्या किंवा चावल्या म्हणजे त्यांतून तिखट वासाची गंधकयुक्त द्रव्ये सुटतात. त्यांच्यापैकी ब्रोकोलीतील सल्फोराफेन हे द्रव्य विषारी पदार्थांचा निचरा करणारी पेशीतील यंत्रणा जागी करते. १९९२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे हे कार्य उजेडात आणले.

हे सर्व प्रयोग झालेले आहेत. पत्रक छापणाऱ्याने ते आपल्या मनाने रचलेले नव्हते. मग खोट कुठे आहे? ती आहे काचेची बशी आणि माणसाचे पोट यांमधल्या अंतरात.

बशीपासून पोटापर्यंत

बशीतील पेशीवर कर्क्युमिन थेट ओतले जाते. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन मात्र पाण्यात नीट विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत तत्काळ रूपांतर करून टाकते. इंग्लंडमधील लेस्टर येथील संशोधकांनी आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन देऊन २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रुग्णांच्या रक्तात आढळलेले प्रमाण हे बशीतील प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणाहून शेकडो ते हजारो पटींनी कमी होते. शिवाय, ३ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद, याचा हिशेब आपण करून पाहा. ती होते सुमारे शंभर ग्रॅम, आणि तीही रोज. आपल्या घरी भाजीत चिमूट-दोन चिमटी पडते.

आतड्याच्या बाबतीत एक गोष्ट कर्क्युमिनच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. जे शोषले जात नाही, ते पुढे मोठ्या आतड्यातच जाते. त्याच संशोधकांना पुढील अभ्यासात रुग्णांच्या आतड्याच्या ऊतीत कर्क्युमिन खरोखर सापडले. म्हणूनच इतर अवयवांपेक्षा आतड्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांच्या आशा अधिक होत्या. त्या आशांचे पुढे काय झाले, ही हकीकत या विषयातील सर्वांत बोधप्रद आहे.

काही कुटुंबांत ए-पी-सी जनुकातील बिघाड जन्मतःच असतो. अशा व्यक्तींच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप उगवतात आणि उपचार न केल्यास जवळजवळ निश्चितपणे कर्करोग होतो. आधी शस्त्रक्रिया झालेल्या अशा पाच रुग्णांना अमेरिकेत कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन, म्हणजे हळद व कांदा यांतीलच द्रव्ये, सरासरी सहा महिने देण्यात आली. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पॉलिपांची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी व आकार सुमारे ५० टक्क्यांनी घटला. बातमी जगभर पसरली. माझ्याकडील पत्रकातही हा आकडा ठळक अक्षरांत होता.

परंतु रुग्ण केवळ पाच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे त्या संशोधकांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांच्यापैकीच काहींनी पुढाकार घेऊन मोठी चाचणी योजिली. तीत ४४ रुग्ण होते. काहींना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, तर काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी वर्षभर देण्यात आली. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. २०१८ साली निकाल लागला. दोन्ही गटांत पॉलिपांच्या संख्येत किंवा आकारात लक्षणीय फरक आढळला नाही. आपलीच आशा आपणच कसोटीवर घासावी आणि ती उतरली नाही, तर तसे जाहीर करावे, हा शास्त्राचा खरा बाणा होय. पत्रकात २००६ होते, २०१८ नव्हते.

येथे कोणी म्हणेल, “गोळीने फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही?” या प्रश्नाचे उत्तर अन्य एका चाचणीतून मिळते. ती आतड्याच्या नव्हे, फुप्फुसाच्या कर्करोगाची आहे. पण तिचा बोध येथेही लागू पडतो. गाजरे व हिरव्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून त्यांतील बीटा-कॅरोटीन काढून त्याच्या गोळ्या फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना देण्यात आल्या. चाचणीत २९ हजारांहून अधिक माणसे होती. १९९४ साली निष्कर्ष आला की, गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. भाजीत हितकारक दिसलेले द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले, तेव्हा ते घातक ठरले.

हळदीच्या बाबतीतही सावधगिरीचे कारण आहे. मिरीतील पायपरीन या द्रव्याबरोबर घेतल्यास कर्क्युमिनचे शोषण माणसात वीस पटींनी वाढते, असे बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. तेव्हापासून अनेक गोळ्यांत पायपरीन मिसळलेले असते. अशा तीव्र गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेतील डॉक्टरांनी केल्या आहेत. भाजी-आमटीतील हळदीचा याच्याशी संबंध नाही. पिढ्यान् पिढ्या आपण ती खात आलो आहोत आणि सुखाने खावी. अमेरिकेत १९९५ साली जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झगडून १९९७ साली ते रद्द करविले. या घटनेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. सांगली, वायगाव, वसमत येथील हळदीचे नाव देशभर आहे. पण अभिमानाच्या विषयाला औषधाचे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही.

चोथ्याचे मोल

आता आपण विचाराल, मग आहाराचा आणि या रोगाचा संबंधच नाही काय? संबंध आहे, आणि तो दृढ आहे. फक्त तो शोधण्याची जागा निराळी आहे. ज्या भागाला आपण ‘चोथा’ म्हणून कमी लेखतो, तिथे तो सापडतो.

डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने युगांडात बरीच वर्षे काम केले. मायदेशी नित्य आढळणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग आफ्रिकेच्या खेड्यांत क्वचितच दिसतो, हे त्याच्या ध्यानात आले. तिथले लोक भरड धान्ये, कंद व शेंगा खात. त्यांच्या आहारात चोथा भरपूर असे आणि अन्न आतड्यातून लवकर पुढे सरके. १९७१ साली त्याने मांडले की, तंतुमय पदार्थांचा अभाव हे या रोगाचे एक कारण असावे.

चोथा आपल्याला पचत नाही हे खरे, परंतु मोठ्या आतड्यात वस्तीला असलेल्या असंख्य जीवाणूंना तो पचतो. ते तो आंबवतात आणि त्यातून ‘ब्युटिरेट’ नावाचे एक आम्लजन्य द्रव्य तयार होते. हेच द्रव्य आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशींचे मुख्य इंधन होय. आपण जेवतो ते आपल्यासाठी, आणि चोथा खातो तो आपल्या आतड्याच्या भिंतीसाठी, असे म्हटले तरी चालेल. कर्करोगाची पेशी मात्र प्रामुख्याने साखर जाळते. म्हणून तिच्यात ब्युटिरेट जळत नाही, ते साचते. साचलेले ब्युटिरेट केंद्रकात जाते आणि वाढ थांबविणारी जी जनुके गुंडाळून बंद ठेवलेली असतात, ती उलगडण्यास मदत करते. एकच द्रव्य निरोगी पेशीला अन्न ठरते आणि बिघडलेल्या पेशीला लगाम. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली हा उलगडा केला.

आपण म्हणाल, हाही बशीतीलच प्रयोग नव्हे काय? शंका योग्य आहे. म्हणूनच २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील वीस आफ्रिकी-अमेरिकी माणसे आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस माणसे यांनी दोन आठवडे आपापल्या आहाराची अदलाबदल केली. अमेरिकी माणसांच्या आहारातील तंतुमय पदार्थ रोज १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेण्यात आले, तर आफ्रिकी माणसांचे ६६ ग्रॅमवरून १२ ग्रॅमवर आणण्यात आले, आणि त्यांच्या ताटात मांस व स्निग्ध पदार्थ वाढविण्यात आले. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकी माणसांच्या आतड्यात ब्युटिरेटची निर्मिती सुमारे अडीच पट झाली, अस्तरातील दाह उतरला आणि पेशींची अनावश्यक वाढ मंदावली. आफ्रिकी माणसांत नेमके उलट घडले. दोन आठवड्यांत कोणाला कर्करोग झाला नाही किंवा कोणाचा बरा झाला नाही. परंतु पाटाचे दार कोणत्या बाजूला फिरते आहे, ते स्पष्ट दिसले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. ज्यांचे पॉलिप आधीच काढलेले आहेत, अशांना तंतुमय आहार देऊन ते पुन्हा उगवतात का, हे पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झाले. तीन-चार वर्षांत काही फरक पडला नाही. उलटपक्षी युरोपातील दहा देशांच्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, सर्वाधिक तंतुमय आहार घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी आढळला. ती पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून जाणकार असे अनुमान काढतात की, आहाराचा लाभ काही महिन्यांत मोजता येत नाही. तो सबंध आयुष्याच्या सवयीतून मिळतो, आणि तो संपूर्ण संरक्षण नव्हे. चांगला आहार घेणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. म्हणून रुग्णाला ‘तू असे खाल्लेस म्हणून तुला झाले’ असा दोष देऊ नये.

आपले ताट

सुदैवाने आपल्या महाराष्ट्राचे जुने ताट या कसोटीला चांगले उतरते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, बाजरी व नाचणीत सुमारे ११ ग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, सोबत कच्चा कांदा किंवा मुळा, आणि फोडणीत हळद-मोहरी असे जेवण असले, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले रोजचे किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम फळे-भाज्या यांची पूर्तता करणे अवघड नाही. यात कर्क्युमिन आहे, क्वेर्सेटिन आहे, गंधकयुक्त द्रव्ये आहेत. पण ती चोथ्यासह, अन्नाच्या रूपात आणि अन्नाच्या मात्रेत आहेत.

चिंतेची गोष्ट ही की, हे ताट आपल्याच डोळ्यांदेखत बदलत आहे. भाकरीची जागा मैद्याची बिस्किटे, पाव व तळलेल्या पुड्या घेत आहेत. जोडीला तंबाखू, मद्य, वाढते वजन आणि बैठे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले वा धुरावलेले, प्रक्रिया केलेले मांस हे या कर्करोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. २०२० या एका वर्षात जगात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण अद्याप कमी आहे. ते कमीच राहावे, यासाठी आताच जागे व्हावयास हवे.

आपली कामे

यात आपल्यापैकी प्रत्येकाला करण्यासारखे काही आहे.

शिक्षकांना माझी विनंती की, शाळेच्या परसबागेत मुळा, मेथी, शेवगा, कांदा लावताना मुलांना केवळ ‘जीवनसत्त्वे मिळतात’ एवढेच सांगून थांबू नका. आतड्यातील जीवाणू आणि चोथा यांची गोष्ट सांगा. मुलांना ती आवडते, आणि मुले ती घरी सांगतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसमोर एखादी आरोग्यविषयक जाहिरात ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. प्रयोग कशावर झाला, बशीतील पेशीवर, उंदरावर की माणसावर? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर? आणि तुलनेसाठी दुसरा गट होता काय? हे तीन प्रश्न ज्याला विचारता आले, त्याला सहसा कोणी फसवू शकणार नाही.

अधिकारी व पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे की, कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे. आठवड्याच्या बाजारात किंवा यात्रेत असे पत्रक वाटले जात असेल, तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर अशा जाहिरातीला जागा देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षणांची. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी केली जाते. त्यात मोठ्या आतड्याचा समावेश नाही. म्हणून येथे आपली जागरूकता हाच आधार आहे. शौचावाटे रक्त पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, विनाकारण वजन घटणे, पुरुषांत किंवा वयस्क स्त्रियांत कारण न सापडणारा रक्तक्षय, यांपैकी काहीही असल्यास ‘मूळव्याध असेल’ असे घरीच ठरवू नका. ती मूळव्याध असूही शकेल. परंतु ते डॉक्टरांनी तपासून सांगावे. आवश्यक वाटल्यास दुर्बिणीची नळी घालून आतड्याची तपासणी होते आणि पॉलिप आढळला, तर बहुधा त्याच वेळी काढताही येतो. ज्या व्यक्तीच्या आईवडिलांना वा भावंडांना हा रोग झालेला आहे, तिने लक्षणांची वाट न पाहता सल्ला घ्यावा. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना उपचार झालेल्या दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण सातांत एखादा इतके खाली येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. पैशाच्या धास्तीने कोणी घरी बसू नये, हे पाहणे गावच्या प्रतिनिधींचे कर्तव्य आहे.

आणखी एक सूचना. ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतीही वनस्पतिजन्य गोळी घेऊ नये आणि घेत असल्यास लपवू नये. शस्त्रक्रियेनंतर किंवा आतड्याचा मार्ग अरुंद झाला असता काही काळ चोथा कमी करण्याचाच सल्ला दिला जातो. अशा वेळी माझ्या आजच्या भाषणापेक्षा डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा.

मित्रहो, ज्या माजी सरपंचांपासून मी आरंभ केला, त्यांच्या आतड्यात कर्करोगच निघाला. शस्त्रक्रिया झाली आहे, पुढील उपचार चालू आहेत आणि त्यांची तब्येत सुधारत आहे. मध्यंतरी मी त्यांना भेटलो, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, गोळीने माझे आतडे बिघडवले नाही. गोळीने माझे तीन महिने नेले.” या विषयावर मी इतके वाचले, पण याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

हळद आपल्या स्वयंपाकघरात राहू द्या, भाकरी ताटात परत आणा, आणि शंका आली की दवाखान्याची वाट धरा. या तिन्ही गोष्टींत विरोध नाही. त्यांपैकी एकीने दुसरीची जागा घेतली, तरच अनर्थ होतो. एवढे आपण आपापल्या गावी जाऊन चार घरांत सांगितले, तरी आजच्या शिबिराचे सार्थक झाले असे मी समजेन.